पान सात, खाली उजवीकडे

त्याला ऑफिसात सगळे ‘दिलगीर’ म्हणायचे. तोंडावरच म्हणायचे, आणि तोही मुकाट ओ द्यायचा. चिडणार तरी कशावर? पेपरात जी काही चूक छापून जाईल तिच्याबद्दल ‘आम्ही दिलगीर आहोत’ असं लिहायचं काम गेली बावीस वर्षं एकट्या त्याचंच होतं. बातमी आणणारे वेगळे, फोटो लावणारे वेगळे, मथळा देऊन मिशीला पीळ भरणारे वेगळे. माती खायची सगळ्यांनी आणि चूळ भरायची याने.

ती चौकट तुम्ही पाहिली असेल, किंवा बहुतेक नसेलच. पान सात, खाली उजवीकडे. वर हवामान, डाव्या हाताला ‘हरवले-सापडले’, आणि मध्ये काडेपेटीएवढ्या जागेत याचं लेखन. पहिल्या पानावर आठ कॉलमांत एखाद्याची अब्रू काढायची आणि सातव्या पानावर काडेपेटीतून ती परत करायची, असा सगळा मामला. बरं, परत करताना ती कुणाची हेही सांगायचं नाही.

हा नियम त्याचाच. तो या कामावर आला तेव्हा जुन्या संपादकांनी त्याला समोर बसवून सांगितलं होतं, “बाबा रे, माफी मागितली हे दिसलं पाहिजे, आणि कशाची मागितली हे कळता कामा नये.” मग त्याने एका कागदावर नियम लिहून काढले. झालेली चूक पुन्हा लिहायची नाही, नाहीतर ज्यांनी आदल्या दिवशी वाचली नव्हती तेही वाचतात. ती कशी झाली ते सांगायचं नाही. आणि ज्याच्याबद्दल चूक झाली त्याचं नाव घ्यायचं नाही, कारण नाव घेतलं की तोच माणूस ती चौकट कोर्टात पुरावा म्हणून दाखवतो. खाली सही केली, तारीख टाकली. कागद पेपरच्या वकीलबाईंच्या फायलीत गेला तो तिथेच राहिला.

पुढे पुढे तर त्याला त्यात गोडीच लागली. कमीत कमी शब्दांत दिलगिरी बसवायची. पंचवीस शब्द, तेवीस, एकवीस. जिवंत गायकाला पेपरने मारलं होतं तेव्हाची चौकट एकोणीस शब्दांत बसली होती, आणि तो विक्रम बारा वर्षं कुणी मोडला नव्हता. मोडणार कोण म्हणा, स्पर्धेत दुसरं कुणी नव्हतंच.

माणसं यायची. अकरा वाजल्यापासून जिन्याखालच्या त्याच्या खोलीत यायची. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि पाण्याचा जग. आलेला माणूस संतापाने थरथरत असायचा, हातात पेपरची घडी. हा उठायचा, खुर्ची पुढे ओढायचा, ग्लास भरून त्याच्याकडे सरकवायचा आणि म्हणायचा, “पाणी प्या.” यात मोठी अक्कल होती. माणूस पाणी पिताना ओरडू शकत नाही, आणि ग्लास खाली ठेवेपर्यंत त्याचा आवाज अर्ध्यावर आलेला असतो. मग हा तक्रार लिहून घ्यायचा. पहिली दोन-तीन वर्षं त्याला त्या माणसांचं वाईट वाटायचं, रात्री जेवताना ती आठवायची. नंतर आठवेनाशी झाली. एखाद्या अवयवावर वर्षानुवर्षं बसलं की तो जसा बधिर होतो, तसं काहीतरी त्याचं झालं होतं.

एक म्हातारा घड्याळदुरुस्तीवाला तेवढा लक्षात राहिला होता, तोही उगाच. चोरीच्या घड्याळांच्या बातमीत त्याच्या दुकानाचं नाव छापलं होतं. दुकान भलतंच होतं. चौकट छापून आली त्या दिवशी तो ती कापून घेऊन आला. डोळ्याला लावायचं भिंग काढून त्याने ती वाचली, पुन्हा वाचली, आणि विचारलं, “यात माझं नाव कुठाय?”

“नाव नाही ते तुमच्याच भल्यासाठी,” हा म्हणाला होता. हे वाक्य ठरलेलं होतं. म्हातारा पाणी पिऊन गेला.

असं सगळं सुरळीत चाललं असताना पेपरला ‘चेहरा’ लाभला.

खरं नाव सांगायची गरजच नाही, त्याला सगळे चेहराच म्हणायचे. शहरात ज्या चौकात उभं राहाल तिथे तो फलकावरून तुमच्याकडे बोट रोखून बघत असायचा. आधी एका वाहिनीवर रोज संध्याकाळी लोकांना झापायचा. कोण पाहुणा किती वेळ बोलणार हे तोच ठरवायचा आणि बहुतेक वेळा स्वतःच बोलायचा. डोळ्यांत पाणी आणायची त्याची हातोटी होती. जाहिराती लागायच्या अगोदर बरोबर अर्धा मिनिट पाणी यायचं. मग कुणा धनवंतांनी आमचा जुना पेपर घेतला, त्याला एक न्यूज पोर्टल जोडलं, पोर्टलला एक स्टुडिओ जोडला आणि या सगळ्यावर चेहरा बसवला.

उद्घाटनाला मोठं हॉटेल. मागे पडद्यावर लिहिलेलं, ‘पत्रकारितेचा पुनर्जन्म’. व्यासपीठावर एक मंत्री, एक नट आणि एक साबणाचा कारखानदार. नट म्हणाला, मला लहानपणापासून पत्रकारच व्हायचं होतं. मंत्री म्हणाला, मी पत्रकारांना फार घाबरतो. सगळे खो खो हसले, कारण कोण कुणाला घाबरतं हे तिथल्या वाढप्यांनाही माहीत होतं. साबणवाला म्हणाला, समाज स्वच्छ झाला पाहिजे. दिलगीर शेवटच्या रांगेत बसून ऐकत होता. त्याला ना राग आला ना हसू. उद्या यातलं कोण काय चुकीचं बोललं म्हणून तक्रार करेल, एवढाच हिशोब त्याच्या डोक्यात चालला होता.

ऑफिसच्या भिंती पाडून काचा बसवल्या. मध्यभागी भिंतभर पडदा, त्यावर या मिनिटाला कोणती बातमी किती लोक बघताहेत त्याचे आकडे. आकडा लाल झाला की टाळ्या. पूर्वी बातमीदार फोनवर हुज्जत घालताना दिसायचे, आता सगळे मान वर करून आकडे बघायचे. फलकावर नवं वाक्य आलं: ‘सगळ्यात आधी आम्ही.’ खरं आहे की नाही, याबद्दल फलक काही बोलत नव्हता.

चेहऱ्याने पहिल्याच बैठकीत दिलगीरकडे बघून सांगितलं, “काका, चूक ही कल्पनाच जुनी झाली आता. आपण चुकत नाही, आपण अपडेट करतो.” म्हणजे पोर्टलवर चुकलं तर गुपचूप पुसायचं. पुसलं की संपलं, दिलगिरी कशाची? छापील पेपरातली चौकट मात्र वकीलबाईंनी अडून बसून राखली. दिलगीरची निवृत्ती दोन वर्षांवर होती. त्याला तेवढी चौकटही पुरे होती.

आता त्याच्या ताईचं सांगायला हवं. ताई त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा याला तिनेच न्हाऊमाखू घातलं, आणि छप्पन्नाव्या वर्षीही ती त्याला ‘सोन्या’च म्हणायची. भावोजी एका शाळेच्या बसचे चालक. एकोणीस वर्षं तीच शाळा, तोच रस्ता. कुठलं मूल कुठल्या फाटकापाशी उभं असतं, कुणाची आजी सोडायला येते, कोण उलटी करतं, सगळं तोंडपाठ. अबोल माणूस. बस पुसायचं फडकं घरी आणून स्वतः धुवायचे.

चार वर्षांपूर्वी त्यांना पंधरा वर्षं पूर्ण झाली, एकही अपघात नाही. ताई म्हणाली, “सोन्या, एवढा पेपरात आहेस, यांच्याबद्दल दोन ओळी येऊ देत की.” बहिणीने आयुष्यात एवढंच मागितलं. याने शब्द टाकला, फोटोवाल्याला पाठवलं. बससमोर उभे असलेले भावोजी, अंगात याने दिलेला निळा चौकड्यांचा शर्ट, आणि खाली दहा ओळी. ताईने ते कात्रण फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावलं. फोटो ऑफिसच्या संग्रहात गेला. खाली ओळख म्हणून फोटोवाल्याने टाकलं: स्कूल बस चालक. घाईत नाव टाकायचं राहून गेलं.

एका सोमवारी सकाळी, दुसऱ्याच एका शाळेची बस पुलाच्या कठड्यावर चढली. सात मुलांना लागलं, सुदैवाने जिवावरचं काही नव्हतं. चालक प्यालेला होता आणि पळून गेला होता. सहाव्या मिनिटाला बातमी पोर्टलवर. आता फोटो हवा. पळालेल्याचा फोटो कुठून आणणार? पण ‘सगळ्यात आधी आम्ही’. कुणीतरी संग्रहात ‘स्कूल बस चालक’ असं टाकून शोधलं. एवढ्या मोठ्या संग्रहात त्या नावाखाली एकच फोटो होता. ज्याने कधी अपघात केला नाही त्याचाच, कारण बाकीच्यांचे फोटो काढावेत असं कुणाला कधी वाटलंच नव्हतं.

अकरा वाजता दिलगीर चहाचा कप घेऊन काचेपाशी उभा होता. भिंतीवरच्या पडद्यावर चेहरा बोलत होता, आणि त्याच्या मागे, दोन पुरुष उंच, भावोजी उभे होते. निळा चौकड्यांचा शर्ट. खाली लाल पट्टी, ‘मुलांच्या जिवाशी खेळणारा हाच तो’. चेहरा वळला आणि त्याने भावोजींच्या छातीवर बोट रोखलं. “याला बघून ठेवा,” तो म्हणाला. आकडा लाल झाला. टाळ्या पडल्या.

तुम्ही म्हणाल, त्याच्या हातातला कप पडला असेल. नाही पडला. त्याच्या मनात पहिला विचार काय आला ते सांगतो, कारण त्याने पुढे स्वतःच ते ताईला सांगितलं. पहिला विचार आला, ‘वृत्तासोबत अन्य छायाचित्र. वीस शब्दांच्या आत बसेल.’ मग ताई आठवली. पण नंतर आठवली.

त्याने धावत जाऊन सांगितलं. फोटो पोर्टलवरून पंचवीस मिनिटांत पुसला गेला. छापील पेपराची पानं मात्र कुणी तपासली नाहीत, आणि मंगळवारी पान पाचवर भावोजी पुन्हा छापून आले. तोवर त्या फोटोचे किती तुकडे किती फोनांत गेले होते याचा पत्ता कुणालाच नव्हता.

मंगळवारी तो ताईकडे गेला. भावोजी बाहेरच्या खोलीत बूट पॉलिश करत बसले होते. चकाकणाऱ्या बुटालाच पुन्हा ब्रश मारत होते. वर फ्रेम, तिच्यातही तेच. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सकाळी भावोजी नेहमीप्रमाणे बस घेऊन निघाले होते. तिसऱ्या फाटकाशी एका बाईने मुलाचा हात धरून त्याला मागे ओढलं. पाचव्या फाटकाशी कुणीच नव्हतं. पुढच्या वळणावर दोघं-तिघं बाप गाडी आडवी घालून उभे होते. बस अर्ध्यातून परत आली.

“शाळेत माहीत नाही का, ते हे नव्हेत म्हणून?” त्याने विचारलं.

“माहीत आहे रे. शाळेला सगळं माहीत आहे,” ताई म्हणाली. “पण मोठ्या बाई म्हणतात, दोनशे पालकांना मी कुठे समजावत बसू? पेपरात आलं, तर पेपरातच येऊ दे की हा तो माणूस नव्हे. मी फलकावर लावते. शुक्रवारी बाराला विश्वस्तांची बैठक आहे. तोवर छापून आणा, नाहीतर दुसरा माणूस नेमतील.” मग तिने त्याच्याकडे बघितलं. “तुझंच काम ना हे, सोन्या? मी यांना म्हटलं, काळजी करू नका, आपल्या घरातच आहे तो माणूस.”

भावोजींनी ब्रश बाजूला ठेवला. त्यांनी बूट जागेवर ठेवले.

बुधवारी दिलगीर चेहऱ्याच्या खोलीत गेला. बावीस वर्षांत तो कुठल्याच संपादकाकडे काही मागायला गेला नव्हता. चेहऱ्याने उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला, डोळे बारीक केले, सगळं ऐकून घेतलं. माणूस म्हणून वाईट नव्हता. समोर जो बसेल त्याच्यापुरतं त्याला खरंच वाईट वाटायचं.

“काका, पण आता पोर्टलवर तो फोटो आहे का?”

“नाही.”

“मग? जे नाहीच ते आपण का उकरून काढायचं? त्यांनाच त्रास.” मग तो थांबला, आणि त्याचा चेहरा उजळला. “एक करू या. त्यांना कार्यक्रमात आणा. उद्याच. साधा माणूस, एकोणीस वर्षांची सेवा, आमच्याकडून चूक होते आणि तो मोठ्या मनाने माफ करतो. मी त्यांचे हात धरीन. काका, अख्खं शहर रडेल. शाळा काय घेऊन बसलात, उद्या लोक त्यांच्यासोबत फोटो काढतील.”

दिलगीरने संध्याकाळी ते जसंच्या तसं भावोजींना सांगितलं. स्वतःचं मत घातलं नाही, मत असं त्याला राहिलंच नव्हतं. ताई नवऱ्याकडे बघत होती. तिला वाटत होतं त्यांनी जावं.

भावोजींनी हातातलं फडकं खाली ठेवलं. “मी कुणावर रागावलोच नाही, तर माफ काय करू?” ते म्हणाले. “मला बस चालवायची आहे. एवढं नाव लावून छापा, की हा नव्हे. फोटोसुद्धा नको.”

“भावोजी, जाऊन आलात तर—”

“तो माझ्याकडे बोट करणार, मग हात धरणार. दोन्ही वेळा मी तिथे काय करायचं ते तोच ठरवणार. नको.”

चेहऱ्याला हे कळलं तेव्हा त्याचा त्यातला रस संपला. रागावला वगैरे नाही, फक्त संपला. “मग तुमचं नेहमीचं करा, पान सात,” तो म्हणाला आणि फोनकडे वळला.

गुरुवारी दुपारी दिलगीर आपल्या खोलीत लिहायला बसला. पहिल्यांदाच त्याने नाव लिहिलं. अमुक फोटो अमक्यांचा होता, ते त्या बसचे चालक नव्हेत, ते अमुक शाळेत एकोणीस वर्षं आहेत, त्यांच्या हातून एकही अपघात झालेला नाही, चूक सर्वस्वी आमची. चोपन्न शब्द झाले. तो कागद घेऊन वकीलबाईंकडे गेला. बाई साध्या, चष्मा डोक्यावर चढवून वाचणाऱ्या. त्यांनी वाचलं, एक उसासा सोडला, फाइल काढली आणि तळातून एक पिवळा पडलेला कागद समोर ठेवला.

“ही सही तुमचीच ना?”

“माझीच.”

“बावीस वर्षांत यातला एकही नियम आपण कुणासाठी वाकवला नाही. आज तुमच्या घरच्यांसाठी नाव छापलं, तर उद्या मागचे सगळे दारात उभे राहतील, की आमचं का नाही छापलं. काय सांगायचं त्यांना?”

खरं म्हणजे उत्तर होतं, की मागच्या सगळ्यांचंही छापायला हवं होतं. पण ते त्या वेळी त्याच्या तोंडून निघालं नाही, आणि निघालं असतं तरी चार वाजायला आले होते आणि पान छपाईला सोडायचं होतं. नाव नसलं तरी चौकट तर आहे, मोठ्या बाई समजून घेतील, असं त्याने स्वतःला समजावलं. टेबलाच्या कडेला उभ्याउभ्याच त्याने दुसरा कागद घेतला आणि हात आपोआप चालला.

‘मंगळवारच्या अंकात पान पाचवरील एका वृत्तासोबत अनवधानाने अन्य छायाचित्र प्रसिद्ध झाले. संबंधितांना झालेल्या मनस्तापाबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’

पान लावणाऱ्या मुलीने शब्द मोजले. तिला त्याचा तो खेळ माहीत होता. “सतरा,” ती म्हणाली. “विक्रम मोडलात की हो.” आणि काय सांगू, क्षणभर, अगदी क्षणभर, त्याला बरं वाटलं.

शुक्रवारी साडेअकराला तिघं मोठ्या बाईंच्या खोलीत बसले होते. भावोजींनी गणवेश घातला होता, बुटांत तोंड दिसत होतं. ताईच्या हातात पेपर. तिने तो वाटेत उघडला नव्हता. बाईंसमोरच उघडायचा असं तिने ठरवलं होतं. खिडकीबाहेर बस उभी होती आणि मैदानावर मुलांचा गलका चालला होता.

“पान सात,” दिलगीर म्हणाला. “खाली उजवीकडे.”

ताईने पान काढून बाईंपुढे ठेवलं. बाईंनी हवामान वाचलं, मग चौकट वाचली. पेपर थोडा लांब धरला, पुन्हा वाचली.

“हे कुणाबद्दल आहे?” त्यांनी विचारलं.

“यांच्याबद्दल,” ताई म्हणाली आणि पेपर स्वतःकडे वळवून घेतला. बोट ठेवून, ओठ हलवत तिने सतरा शब्द वाचले. बोट शेवटच्या शब्दापाशी थांबलं. मग तिने वर बघितलं.

“सोन्या, यात यांचं नाव कुठाय?”

बाईंच्या टेबलावर पाण्याचा भरलेला ग्लास होता. दिलगीरचा हात पुढे गेला. तो ग्लास त्याने हळूच बहिणीकडे सरकवला.

“पाणी प्या,” तो म्हणाला. “नाव नाही ते तुमच्याच भल्यासाठी.”

ज्या बहिणीने हाताला धरून शाळेत नेलं तिला तो ‘प्या’ म्हणाला. ताई त्या ग्लासाकडे बघत राहिली. भावोजींनी खिडकीकडे तोंड फिरवलं. आपण काय बोललो हे दिलगीरला स्वतःचा आवाज ऐकू आल्यावर कळलं, आणि त्याला लाज वाटली. इतक्या वर्षांनी काहीतरी वाटत होतं आणि ते सोसवत नव्हतं.

त्याने बाईंकडे कोरा कागद मागितला. तिथेच लिहायला घेतलं. भावोजींचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. फोटो कुठला, कधी काढला, कुणाच्या सांगण्यावरून काढला. खाली ओळखीत नाव टाकायचं राहिलं ते कसं, दुसऱ्याच्या अपघाताला तो फोटो लागला तो कसा, पडद्यावर बोट कुणी रोखलं, आणि आजची चौकट लिहिणारा मीच, तिच्यात नाव नाही तेही माझ्याच नियमामुळे. दोन्ही बाजूंनी कागद भरला. शब्द मोजले नाहीत. खाली सही केली, तारीख टाकली.

मोठ्या बाईंनी सगळं वाचलं. त्या कठोर नव्हत्या, वाचताना त्यांचेही डोळे ओलावले. “खरं आहे सगळं, मला ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या. “पण हे छापलेलं नाही. फलकावर लावलं तर पालक म्हणतील, मेहुण्याने लिहून दिलंय.” त्यांनी घड्याळाकडे बघितलं. बाहेर विश्वस्तांच्या गाड्या यायला लागल्या होत्या. “तुम्ही सध्या घरीच थांबा,” त्या भावोजींना म्हणाल्या. “पुढचं पुढे बघू.”

भावोजी उठले. बाईंपुढचा तो कागद त्यांनी उचलला, उभ्याउभ्या पहिली ओळ वाचली, घडी करून खिशात घातला. मग दुसऱ्या खिशातून बसची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. “तिसऱ्या फाटकापाशी जरा थांबायला सांगा नव्या माणसाला,” ते म्हणाले. “तिथलं पोर सावकाश चालतं.”

तिघं फाटकापर्यंत चालत आले. भावोजी पुढे होते. बसपाशी ते क्षणभर थांबले, आरशावरची धूळ बोटाने पुसली आणि पुढे गेले. ताई मागे राहिली. तिने दिलगीरकडे बघितलं, रागाने नव्हे.

“सोन्या, बावीस वर्षं जी माणसं तुझ्याकडे येत होती,” तिने विचारलं, “त्या सगळ्यांना तू पाणीच दिलंस का रे?”

“हो,” तो म्हणाला.

ताईने मान हलवली आणि नवऱ्याच्या मागे चालू लागली. दिलगीर तिथून ऑफिसला गेला. जिन्याखालच्या खोलीबाहेर एक बाई पेपरची घडी घेऊन उभी होती. तो आत गेला, खुर्ची पुढे ओढली, जग उचलून टेबलाखाली ठेवला आणि तिला तिचं नाव विचारलं.